झारेकऱ्याचा नवा धंदा

सोनाराच्या दुकानातील केर धुऊन सुवर्णकण वेचणारा झारेकरी आपणांस ठाऊक आहेच. त्याचा नवा केर म्हणजे जुने मोबाइल व संगणक. टोकियो ऑलिंपिकच्या पदकांसाठी २०१७ ते २०१९ या काळात जपानने सुमारे ७९ हजार टन जुनी उपकरणे जमविली. त्यांतून सोने निघाले अवघे ३२ किलो! हे सोने जोडांवरील पातळ मुलाम्यात असते. ते अम्लराजाने घरी विरघळवू पाहणारा प्रथम आपली फुप्फुसे जाळतो. शिवाय नोंदणीवाचून असा कारखाना चालविण्यास २०२२ च्या नियमांची मनाई आहे. म्हणून होतकरू तरुणांनी भंगार जमवावे, निवडावे व नोंदणीकृत कारखान्यास विकावे. झारेकऱ्याचे खरे भांडवल त्याची पारखी नजर, तेजाब नव्हे.