सोनेरी नक्षीची काच कुठली?



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण सासूबाईंची सोनेरी नक्षीची काचेची सुरई भंगारवाल्याने रद्दीच्या भावात मागितली, तेव्हापासून अशा काचेची माहिती मी जमवीत आले आहे.

या कामात बोहेमियाचे, म्हणजे आजच्या झेक देशातल्या प्रांताचे, नाव मोठे. तिथे लाकडाच्या राखेतला क्षार घालून कठीण, स्वच्छ काच करीत आणि फिरत्या तांब्याच्या चाकावर तेल व कुरुंदाची पूड घेऊन तिच्यावर फुलेपाने कोरीत. इंग्लंडात १६७४ साली रेव्हन्सक्रॉफ्ट यांनी शिसे घातलेल्या काचेचे पेटंट घेतले. ती काच हाताला जड लागते, हलकी टिचकी मारली की घणघणते. म्हणून आधी वजन पाहावे.

मग नक्षीवरून बोट फिरवावे. चाकाची रेघ कमीअधिक खोल लागते. तेजाबाने उठवलेली बहुधा एकसारखी. बुडाशी झेकोस्लोव्हाकियाचे नाव असेल तर वस्तू १९१८ च्या आधीची नव्हे, कारण तो देशच त्या साली जन्मला. पण नाव नाही म्हणून ती जुनीच, असेही नव्हे. नकला पुष्कळ देशांत झाल्या. इथे शितावरून भाताची परीक्षा होत नाही. चार खुणा जुळल्या तरच बोलावे.

आणि सोनेरी काम चिंचेने, राखेने घासू नका. भट्टीत न भाजलेला मुलामा घासताच निघतो. त्याबरोबर ओळखही जाते, मोलही जाते. जुनी काच घराबाहेर काढण्याआधी एकदा उजेडात धरून पाहा, एवढीच माझी विनंती.