सॉकेटला बिलात स्वतःची ओळ हवी

पुनर्वसनाच्या कामातले माझे सहकारी, आणि स्वतः कृत्रिम पाय वापरत असूनही जिने चढून या सभागृहात आलेले बंधू-भगिनी,

आपण अंबाजोगाईत जमलो आहोत. स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय या गावात आहे. बीड जिल्ह्यात मांडीतून पाय कापावा लागलेला माणूस कोण असतो, हे इथल्या डॉक्टरांना सांगायला नको. कुणी उसाच्या ट्रॉलीखाली सापडलेला, कुणी मोटारसायकलवरून पडलेला, कुणी मधुमेहाच्या जखमेकडे हंगाम संपेपर्यंत न पाहिलेला. या माणसाला मिळणाऱ्या कृत्रिम पायाच्या बिलाविषयी मी बोलणार आहे. अध्यक्षीय भाषणाला बिलाचा विषय शोभत नाही असे कुणाला वाटेल. मला मात्र आज आपल्या व्यवसायापुढे याहून निकडीचा प्रश्न दिसत नाही.

कामगारांच्या नुकसानभरपाईचा 1923 चा कायदा उघडून त्याची पहिली अनुसूची वाचा. मांडीतून पाय गेला आणि उरलेला स्टंप ट्रोकँटरच्या, म्हणजे मांडीच्या हाडाच्या वरच्या उंचवट्याच्या, टोकापासून मोजून 12.70 सेंटिमीटरपेक्षा जास्त नसेल, तर कमाईची क्षमता 80 टक्के गेली असे धरायचे. स्टंप त्याहून लांब पण मांडीच्या मध्यापर्यंतच असेल, तर 70 टक्के. जुन्या पाच इंचांचे सेंटिमीटर करताना कायद्याने दशांशानंतरचे दोन आकडेही सोडले नाहीत. गमावलेल्या पायाचे माप इतके काटेकोर, आणि त्याच स्टंपवर चढवलेल्या सॉकेटची, म्हणजे स्टंप ज्यात बसतो त्या खोळीची, नोंद आपण कशी करतो? ‘कृत्रिम पाय, गुडघ्यावरचा, 1 नग.’ एवढीच.

या एका ओळीत काय काय झाकले जाते ते पाहा. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियात बर्कलीच्या विद्यापीठात चौकोनी सॉकेटचा शास्त्रशुद्ध पाया घातला गेला. त्यात बसायचे हाड, म्हणजे बसताना आपण ज्यावर टेकतो ते, सॉकेटच्या मागच्या कडेच्या बैठकीवर टेकते. सॉकेट पुढून-मागून अरुंद आणि आडवे रुंद असते, आणि हाड बैठकीवरून घसरू नये म्हणून पुढून मांडीवर दाब दिला जातो. पण मांडीचे हाड बाहेर फाकते आणि माणूस पाऊल टाकताना त्या बाजूला झुकतो. 1970 च्या दशकात आयव्हन लाँग यांनी आणि पुढच्या दशकात जॉन साबोलिच यांनी ही रचनाच फिरवली. सॉकेट आडवे अरुंद झाले, पुढून-मागून मोकळे झाले आणि बसायचे हाड कडेवर न टेकता आत धरले गेले. मांडीचे हाड सरळ राहिले, झोल कमी झाला. पण ही उंच आतली भिंत जमिनीवर बसताना टोचते. पंगतीला, भजनाला किंवा चुलीपुढे मांडी घालून बसणाऱ्याला याची किंमत मोजावी लागते. म्हणून कड हाडाच्या खालीच थांबवणाऱ्या रचनाही आल्या.

प्रत्येक रचनेचे माप वेगळे, प्लास्टरचे काम वेगळे, लागणारा वेळ वेगळा. बिलात मात्र सगळ्या सारख्याच.

नावांचा घोळ जगातही झाला आहे. एकाच प्रकारच्या सॉकेटला जो तो आपले नाव देऊ लागला, तेव्हा 1987 साली मायामीत आंतरराष्ट्रीय कार्यशाळा घेऊन परिभाषा ठरवण्याचा प्रयत्न करावा लागला. अमेरिकेच्या देयक-संहितेत सॉकेटला स्वतंत्र कोड आहेत: हाड आत धरणाऱ्या सॉकेटला एल 5649, मांडीच्या चाचणी सॉकेटला, म्हणजे पक्के सॉकेट करण्याआधी घालून पाहायच्या सॉकेटला, एल 5624, आणि सक्शनला, म्हणजे हवेच्या ओढीने पाय स्टंपवर टिकवण्याला, एल 5652. ती संहिता जशीच्या तशी इथे आणावी असे मी म्हणत नाही. एल 5649 मध्ये ‘हाड आत धरणारे’ आणि ‘आडवे अरुंद’ हे दोन गुण एकाच ओळीत बांधले आहेत, आणि कोणते सॉकेट त्या ओळीत बसते यावर वाद घालायला तिथे जागा राहते. म्हणून आपण रचनेचे नाव न लिहिता तिचे गुण लिहावेत. वजन कुठे पेलले जाते, स्टंपचे टोक सॉकेटला लागते की नाही, पाय कशावर टिकतो, भिंत कशाची आहे, चाचणी सॉकेट केले की नाही. अर्ध्या पानात हे मावते.

आपल्याकडे पंजाचे नाव झाले. 1968 च्या सुमारास रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी घडवलेला जयपूर फूट आज वाडीवस्तीवर ठाऊक आहे. अनवाणी चालणाऱ्याला, चिखलात उतरणाऱ्याला त्याने उभे केले. त्या कामापुढे मी नतमस्तक आहे. पण पायाची मागणी करताना सॉकेट कसे हवे, हे कुणी विचारत नाही. आपणही सांगत नाही.

याचा फटका बीडमध्ये कसा बसतो? इथे ऊसतोडीला दोघांचा मिळून एक कोयता धरतात, बहुधा नवरा-बायकोचा, आणि मुकादमाची उचल त्या कोयत्यावर घेतलेली असते. एकाचा पाय गेला की कोयता मोडतो, उचल तशीच राहते. मग माप दिले जाते, पाय मिळतो. नव्या स्टंपची सूज पहिल्या काही महिन्यांत उतरते आणि सॉकेट सैल पडते. माणूस मोज्यावर मोजे चढवतो, चिंध्या कोंबतो, जांघेत जखम होते आणि पाय खुंटीला लागतो. अपंगांना साधने देणाऱ्या केंद्राच्या 1981 पासूनच्या एडिप योजनेत तेच साधन तीन वर्षांच्या आत पुन्हा मिळत नाही. नोंद ‘1 नग’ अशी असेल, तर त्याला पाय मिळून चुकला! गुडघा चांगला, पंजा चांगला, बदलायचे आहे ते फक्त सॉकेट, आणि त्याला कागदावर अस्तित्वच नाही. ते वेगळे लिहिले असते, तर निदान मागणी करायला आधार असता.

पाय कशावर टिकतो, याचे कारणही लिहा. उन्हाळ्यात इथला पारा चाळिशी ओलांडतो, घामाने सक्शन सुटते. स्टंपवर चढवायचा सिलिकॉनचा लायनर रोज स्वच्छ पाण्याने धुवावा लागतो, आणि टँकरची वाट पाहणाऱ्या घरात त्या पाण्याचा हिशेब आधी होतो. अशा ठिकाणी पाय टिकवायला पट्टा निवडणारा तंत्रज्ञ मागासलेला नाही. त्याने विचार केलेला आहे, आणि तो विचार कागदावर दिसला पाहिजे.

न्यायालयातही हाच कागद उपयोगी पडतो. राजकुमार विरुद्ध अजय कुमार या 2010 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की अपंगत्वाची टक्केवारी म्हणजेच कमाईतले नुकसान नव्हे. माणूस काय काम करत होता आणि आता काय करू शकतो, ते पाहायचे. कृत्रिम पाय आयुष्यात पुन्हा बदलावा आणि दुरुस्त करावा लागतो, हे त्याच न्यायालयाने 2022 मध्ये मोहम्मद साबीर यांच्या प्रकरणात धरले. पण सॉकेट किती वेळा बदलावे लागेल आणि त्याला काय लागेल, हे वकील कुठून आणणार? आपल्याच बिलातून.

दुपारच्या सत्रात बिलाचा नमुना चर्चेला येईल. माझा आग्रह तीन ओळींसाठी आहे: सॉकेट, चाचणी सॉकेट आणि पहिल्या वर्षातली फेरजुळणी. दर केवळ प्लास्टिकच्या वजनावर ठरू देऊ नका. माप घेण्यात, साचा घासण्यात, माणसाला चालवून पाहण्यात गेलेले तास त्यात धरा. आणि फेरजुळणीच्या ओळीसमोर तारखेचा रकाना ठेवताना साखर कारखान्यांचा हंगाम लक्षात घ्या. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, त्या मार्च-एप्रिलमध्ये परततात. हंगामातली तारीख द्यायची असेल, तर ती सांगली-कोल्हापूरकडच्या सहकाऱ्याच्या केंद्रावर द्या, आणि सॉकेटचे वर्णन असलेली बिलाची प्रत त्या माणसाच्या हातात द्या.