अखत्यार आणि आवाज

बाळकुम नाक्यावर सायंकाळी, कशेळीच्या पुलावरून कापूरबावडीकडे रेटणाऱ्या वाहनांच्या गर्दीत खाकी गणवेशातला जो इसम शिटी फुंकताना आपणांस दिसतो, तो पुष्कळदा पोलीस नसतो, दिवसा दुकान वा रिक्षा सांभाळून बंदोबस्ताला हजर झालेला तो गृहरक्षक असतो, आणि "हा तर होमगार्ड!" असे म्हणून आपण त्याला खुशाल ओलांडून जातो.

१९४६ च्या डिसेंबरात, मुंबई प्रांत जातीय दंग्यांनी होरपळलेला असता, गृहमंत्री मोरारजी देसाई यांच्या कारकिर्दीत हे गृहरक्षक दल उभे राहिले. १९४७ च्या कायद्याने ठरविले, की हुकमावरून कामास बोलाविलेल्या गृहरक्षकास पोलीस अंमलदाराचेच अधिकार आणि त्याचेच संरक्षण असावे. पुन्हा सांगतो, तेच अधिकार, तेच संरक्षण! परंतु कागदावरचा अखत्यार आपोआप आवाजात उतरत नाही. गेल्या विसर्जनाला खाडीवर दोर धरून उभा असलेला एक तरुण गृहरक्षक, कोणी दोराखालून घुसले की बोलण्याआधी दूरच्या हवालदाराकडे पाही. मी पाहत होतो, आणि त्या नजरेने माझा जीव कळवळला.

हा आवाज कसा घडतो, हे समजायला आमच्या आगरी घरांतली तांदळाची भाकरी आठवा. पिठाची उकड निघाली म्हणजे काम झाले असे सून समजते; सासू म्हणते, "मळ गो अजून!" मळताना हात राखला, तर थापताना कडा चिरतात, आणि मग तवा कितीही तापलेला असो, भाकरी फुगत नाही. कवाईत ही उकड, गणवेश हा तवा. मळणे म्हणजे कोणास थांबवावे, कोणत्या शब्दांत, आणि आपला हात कोठे आवरावा, याची वारंवार तालीम. आपल्या अधिकाराची हद्द ज्याला ठाऊक नाही, तो एकतर बुजतो, नाहीतर काठी उगारतो.

'निष्काम सेवा' हे या दलाचे ब्रीद. म्हणून शिकवणही निष्काळजी असावी काय? उजळणी जड वाटणाऱ्यांना मला विचारावयाचे होते, की... पण स्टुडिओच्या काचेआडून वेळ संपल्याचे बोट वर झाले आहे. मानधनाचा, म्हणजे भाकरीवर फिरवावयाच्या पाण्याच्या हाताचा, विषय राहिलाच. तूर्त एवढेच लक्षात असू द्या: तेच अधिकार, तेच संरक्षण. उद्या नाक्यावर तो हात वर करील, तेव्हा थांबा.