मोठ्यानं वाचा



प्राचार्यांनी पत्रात विषय दिला होता : अनुवादाच्या क्षेत्रातल्या संधी. त्याचं टिपण मी पर्समध्ये आणलंही आहे. पण सकाळी फाटकातून आत आले, कडुनिंबाखालचा तो पार दिसला, आणि आता बघते तर पहिल्या रांगेत आमचे सर बसलेत. तेव्हा संधींचं दोन वाक्यांत सांगते. कोर्टाला, प्रकाशकांना, बँकांना, दवाखान्यांना इंग्रजीतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत चोख काम करणारी माणसं लागतात. मात्र दोन्ही भाषांवर तुमचा हात बसलेला हवा. तो कसा बसतो, हे मी याच आवारात शिकले. तेच सांगणार आहे.

1988 साली मी इथं बी.ए.ला आले. इंग्लिश लिटरेचर घेतलं तेव्हा वर्गात आम्ही मोजून नऊ जण. बहुतेक सगळे मराठी शाळेतले, कुणी घरी गोरमाटी बोलणारा, कुणी कोलामी. पुस्तक उघडलं की छातीत धडधडायचं. मग गाईड आणायचं, त्यातली उत्तरं घोकायची, कादंबरीला हातही न लावता कादंबरीवर पेपर लिहायचा. मीही पहिलं वर्ष तसंच काढलं.

दुसऱ्या वर्षी लायब्ररीत एक जाड पुस्तक हाती लागलं. एलिझाबेथ गॅस्केलचं ‘नॉर्थ अँड साउथ’. अभ्यासक्रमात नव्हतं. पानं चाळताना ‘कॉटन’ हा शब्द दिसला, एवढ्यासाठीच घरी नेलं. आमच्या घरात कापसाशिवाय दुसरा विषयच नसायचा. 1854-55 साली डिकन्सच्या साप्ताहिकातून ही कादंबरी क्रमशः आली. गॅस्केलबाई मँचेस्टरला राहायच्या. त्या गिरणीगावालाच त्यांनी कादंबरीत मिल्टन हे नाव दिलं. पण चाळीस पानांनंतर मी अडले. गिरणीतली माणसं जे इंग्रजी बोलतात ते डिक्शनरीत सापडेना. अर्धे शब्द खाल्लेले, स्पेलिंगं तुटलेली. मी पुस्तक परत करायला निघाले.

सर व्हरांड्यात भेटले. पुस्तक हातात घेतलं, ते पान बघितलं आणि म्हणाले, “डोळ्यांनी वाचतेस म्हणून अडतेस. मोठ्यानं वाच. हे लिहिलेलं इंग्रजी नाही, बोललेलं आहे.” आणि तिथंच उभ्यानं त्यांनी अर्धं पान वाचून दाखवलं. सर, तुम्हाला हे आठवत असेल की नाही, कोण जाणे. पण त्या अर्ध्या पानात मला कळलं की हे आपल्या वऱ्हाडीसारखं आहे. पुण्याच्या माणसाला ‘करून रायली’ कागदावर वाचता येत नाही, कानावर पडलं की समजतं. तसंच.

तेव्हा गावी जायचं तर शकुंतला होती. यवतमाळहून दारव्ह्यावरून मूर्तिजापूरला जाणारी छोट्या रुळांची गाडी, 113 किलोमीटरची वाट. वऱ्हाडचा कापूस मोठ्या लाइनीपर्यंत न्यायला इंग्रज कंपनीनं ती बांधली. तिथून तो मुंबई बंदराला आणि बोटीनं विलायतेला जायचा. माझ्या वेळी गाडीला वाफेचंच इंजिन होतं. 1921 साली मँचेस्टरला बनलेलं ते इंजिन 1994 पर्यंत राबलं. ते मँचेस्टरचं होतं, हे मला फार उशिरा कळलं. म्हणजे त्या इंजिनामागे बसून, त्याच्याच गावची कादंबरी मी मोठमोठ्यानं वाचत होते. डब्यातल्या बाया आधी बघत राहिल्या. मग एकीनं विचारलं, “काय हाये वं त्याच्यात?” मी सांगत गेले. त्या ऐकत गेल्या.

घरी आईपुढंही वाचायचे. आई हंगामात जिनात जायची, रेच्यावर कापूस टाकायला. संध्याकाळी परत आली की तिच्या पापण्यांवर, केसांवर, लुगड्याच्या काठावर पांढरा तूस बसलेला असायचा, आणि रात्रभर खोकला. त्या कादंबरीत बेसी नावाची एक पोर आहे, माझ्याच वयाची. गिरणीत पिंजणीच्या खात्यात काम करून कापसाचा तूस तिच्या छातीत गेलाय आणि ती त्यानंच मरणार आहे. मी इंग्रजीत एक वाक्य वाचायचे आणि वऱ्हाडीत आईला सांगायचे. आई भाकरी थापत होती. हात थांबले. म्हणाली, “थे तोंडाले फडकं नोयती बांधत का?”

मी पुढं वाचलं. बेसी सांगते की काही गिरण्यांत धूळ ओढून नेणारं मोठं चाक असतं, पण त्याला पाच-सहाशे पौंड पडतात आणि नफा काहीच नाही, म्हणून मालक ते बसवत नाहीत. शिवाय काही कामगारांनाच ते चाक नको असतं. तूस गिळून गिळून पोट भरल्यासारखं राहायचं. चाकानं तूस गेला की भूक लागते आणि पगार तर तेवढाच. हे ऐकून आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “खरं लिवलं त्या बाईनं.”

माझ्या आईला सहीपुरतीच अक्षरं येत होती. गॅस्केलच्या कादंबरीवर पुढं मी कितीतरी विद्वानांचे लेख वाचले. त्या चार शब्दांची बरोबरी कशाचीच नाही. आणि हे मी मनातल्या मनात वाचलं असतं तर आईपर्यंत पोचलं असतं का?

म्हणून माझं एकच मागणं आहे. मोठ्यानं वाचा. रोज एक पान. हॉस्टेलवर वाचा, शेतात वाचा, बसस्टॉपवर वाचा. उच्चार चुकेल, चुकू द्या. एका मोठ्या शहरात मुलाखतीला गेले तेव्हा माझे उच्चार ऐकून समोरचे दोघं एकमेकांकडे बघून हसले होते. त्या रात्री मी रडले, खोटं कशाला सांगू. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बेसीचं पान काढून पुन्हा मोठ्यानं वाचलं. तिचं इंग्रजी लंडनच्या दिवाणखान्यात चाललं नसतं; कादंबरीत मात्र ते ताठ मानेनं उभं आहे. आणि इंग्रजीतला ‘माँगूस’ हा शब्द आपल्या मराठी मुंगसापासून गेलाय. आपल्या बोलीची लाज धरून इंग्रजी येत नाही, पोरांनो. धारवाडला जन्मभर इंग्रजी शिकवणाऱ्या जी. ए. कुलकर्णींनी कथा मराठीतच लिहिल्या. विंदाही इंग्रजीचेच प्राध्यापक. त्यांनी लिअर राजाला मराठीत आणलं.

मघाशी सूत्रसंचालन करणारी मुलगी कागदावरचं वाचताना अडखळली आणि खाली मान घालून विंगेत गेली. बाळ, कुठं असशील तिथून ऐक. तुझा आवाज स्पष्ट आहे, शेवटच्या रांगेपर्यंत जातो. तो खाली आणू नकोस. आणि तिच्या आई इथं आहेत असं मला सांगितलंय. ताई, ती घरी इंग्रजी वाचायला लागली तर जवळ बसा. कळत नाही म्हणून उठून जाऊ नका. तिला विचारा, काय हाये वं त्याच्यात?

सर, तुमच्याशी बोलायचं राहिलंय, ते खाली आल्यावर बोलते.

ग्रंथपालांना मी सकाळी विचारलं. ते पुस्तक अजून आहे, बांधणी सुटलीय, पण पानं सगळी आहेत. माझी गाडी उद्या दुपारी आहे. सकाळी दहा वाजता मी लायब्ररीत बसते. बेसीचं प्रकरण उघडू आणि आळीपाळीनं वाचू. ज्यांना यायचं त्यांनी या.