डोक्यातला कारभारी

(नाशिकला द्वारका भागातील प्रौढ वर्गात दिलेले व्याख्यान)



आज आपण आपल्याच डोक्याविषयी बोलणार आहोत. डोके सगळ्यांना आहे. पण त्याच्या आत काय आहे, ते काम कसे करते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. बैल चारा खाईना झाला, की आपण त्याचे दुखणे ओळखतो. द्राक्षाच्या पानावर डाग दिसला, की रोग ओळखतो. मग स्वतःच्या डोक्याची माहिती नको का?

द्वारकेचा चौक आपल्या पायाखालचा आहे. मुंबई-आग्रा रस्ता आणि पुण्याकडे जाणारा रस्ता इथे मिळतात. कोणी पिंपळगाव-ओझरकडून येतो, कोणी सिन्नरकडून. वरून उड्डाणपूल गेला आहे. तरी खाली ट्रक, बस, रिक्षा, मोटारसायकली आहेतच. हा चौक तुम्ही पायी ओलांडता, तेव्हा तुमच्या अंगात काय काय घडते? चला, क्रमाने बघू या.

मेंदू हा कारभारी आहे. तो कवटीच्या बंद खोलीत बसतो. त्याला बाहेरचे काही दिसत नाही, ऐकू येत नाही. त्याच्याकडे पाच जासूद आहेत. डोळे, कान, नाक, जीभ आणि त्वचा. त्यांनाच आपण पाच ज्ञानेंद्रिये म्हणतो.

पहिला जासूद डोळा. डोळ्याच्या पुढे काचेसारखा स्वच्छ पडदा असतो. त्याच्या मागे रंगीत गोल दिसतो. गोलाच्या मधोमध काळे छिद्र असते. ती बाहुली. उन्हात बाहुली बारीक होते, अंधारात मोठी होते. बाहुलीमागे भिंग असते. भिंगातून प्रकाश आत जातो आणि डोळ्याच्या मागच्या पडद्यावर चित्र पडते. गंमत अशी, की हे चित्र उलटे पडते! ट्रकची चाके वर आणि टप खाली. पण मेंदू त्याचा अर्थ बरोबर लावतो. म्हणून आपल्याला ट्रक सुलटाच दिसतो.

वय झाले, की हे भिंग धुरकट होते. तोच मोतीबिंदू. त्यावर शस्त्रक्रिया आहे. धुरकट भिंग काढतात आणि नवे बसवतात. पुष्कळ म्हातारी माणसे म्हणतात, "मोतीबिंदू पिकू दे, मग बघू." आता तसे थांबण्याची गरज नसते. दिसायला अडचण होऊ लागली, की डॉक्टरांना दाखवावे.

दुसरा जासूद कान. मागून हॉर्न वाजला. आवाजाने हवा थरथरते. ती थरथर कानाच्या पडद्यावर आदळते. पडद्यामागे तीन चिमुकली हाडे आहेत. हातोडी, ऐरण आणि रिकीब. रिकीब हे आपल्या शरीरातले सर्वांत लहान हाड. ही हाडे थरथर पुढे पोचवतात. पुढे शंखासारखी वळलेली नळी आहे. तिच्यात पाणी आहे आणि केसासारखे बारीक तंतू असलेल्या पेशी आहेत. त्या मेंदूला खबर देतात. या पेशी एकदा मेल्या, की पुन्हा उगवत नाहीत. म्हणून वरातीत डीजेच्या भोंग्याला चिकटून नाचू नये. तान्ह्या मुलाला तर तिथे नेऊच नये.

कान दोन का? आवाज ज्या बाजूने येतो, त्या बाजूच्या कानाला तो किंचित आधी आणि मोठा ऐकू येतो. त्यावरून मेंदू दिशा ओळखतो. कानात आणखी एक सोय आहे. तिथे तीन अर्धगोल नळ्या आहेत. डोके कुठे वळले, कलले, हे त्या सांगतात. त्यांचे काम बिघडले, की गरगरते.

तिसरा जासूद नाक. घरात गॅस गळला, की वास येतो. मूळच्या गॅसला जवळजवळ वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम उग्र वासाचा पदार्थ घालतात. असा वास आला, तर दिव्याचे बटण दाबू नका. काडी ओढू नका. दारे-खिडक्या उघडा आणि सिलिंडर बंद करा.

चौथी जीभ. जिभेच्या टोकाला गोड कळते आणि मागे कडू, असे पूर्वी शिकवीत. ते बरोबर नाही. सगळ्या चवी जिभेच्या सर्व भागांवर कळतात. पाचवी त्वचा. ऊन, थंडी, टोचणे, दाबणे, हे सारे ती सांगते. ज्यांना जुना मधुमेह आहे, त्यांच्या पायाची खबर कधीकधी बंद पडते. काटा रुतला तरी कळत नाही. अशा माणसांनी रोज रात्री तळपाय पाहावेत.

आता कारभाऱ्याकडे येऊ या. मोठ्या माणसाचा मेंदू साधारण 1300 ते 1400 ग्रॅम भरतो. म्हणजे सव्वा किलोच्या थोडा वर. शरीराच्या वजनाच्या मानाने तो शंभरात दोन भाग. पण श्वासातला प्राणवायू तो शंभरात वीस भाग खातो. कारभारी लहान, पण खुराक मोठा! त्याचा रक्तपुरवठा पुरता थांबला, तर चार-पाच मिनिटांत पेशी मरू लागतात.

मेंदूचे मुख्य भाग तीन. वरचा सुरकुतलेला, अक्रोडासारखा दिसणारा, तो मोठा मेंदू. विचार, आठवण, बोलणे, पाहणे, ऐकणे, हातपाय मनाप्रमाणे हलवणे, ही त्याची कामे. मागे खाली आहे तो लहान मेंदू. तो तोल सांभाळतो. दारू प्यायलेला माणूस झोकांड्या का खातो? दारूने लहान मेंदूचे काम बिघडते, म्हणून. तिसरा भाग मेंदूचा देठ. श्वास घेणे आणि हृदयाच्या ठोक्यावर नजर ठेवणे ही कामे तो करतो. आपण झोपलो, तरी त्याला झोप नाही. देठातून खाली पाठीच्या कण्यात मज्जारज्जू उतरतो. तिथून मज्जातंतू तारांसारखे सर्व अंगात पसरतात. आणखी एक नवल. मेंदूचा डावा भाग उजवे हातपाय चालवतो आणि उजवा भाग डावे.

बघा, चौकात काय झाले. डोळ्याने ट्रक पाहिला, कानाने हॉर्न ऐकला. मेंदूने ठरवले, "थांब!" हुकूम पायापर्यंत गेला आणि पाय थांबले. हे सारे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच होते. पण कितीही झाले तरी थोडा वेळ लागतोच. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे 55 फूट पुढे जाते. चालवणाऱ्याचे लक्ष मोबाईलवर असेल, तर तेवढे 55 फूट गाडी आंधळी धावते. चालणाराही मोबाईलवर बोलत असेल, तर दोन्हीकडचे कारभारी गैरहजर!

म्हणून हेल्मेटचे महत्त्व. मेंदू मऊ आहे. त्याच्याभोवती तीन आवरणे आहेत, पाणी आहे, वर कवटी आहे. निसर्गाने एवढी काळजी घेतली. पण निसर्गाने डांबरी रस्त्यावरून पडण्याचा हिशेब धरला नव्हता. डोके आपटले, की मेंदू कवटीच्या आत हिंदकळतो. मोटारसायकलवर हेल्मेट घातले, तर डोक्याच्या इजेचा धोका जवळजवळ दोन-तृतीयांशाने कमी होतो, असे अनेक देशांच्या पाहण्यांत दिसले आहे. कायद्याने चालवणारा आणि मागे बसणारा, दोघांनीही हेल्मेट घालायचे आहे. हनुवटीखालचा पट्टा मात्र बांधा. हँडलला अडकवलेले हेल्मेट हँडल वाचवते, डोके नाही.

डोक्याला मार लागलेला माणूस कधीकधी उठून म्हणतो, "मला काही झालं नाही." तेवढ्यावर जाऊ नका. आत हळूहळू रक्त साठत असते. काही तासांनी उलटी होते, गुंगी येते, बोलणे तुटक होते. असे दिसले, की लगेच दवाखाना गाठा. मदत करायला भिऊ नका. 2019 साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. चांगल्या मनाने जखमीला मदत करणाऱ्यावर त्यामुळे खटला होत नाही. नाव-गाव सांगण्याची सक्तीही त्याच्यावर नाही. 108 हा क्रमांक फिरवला, की रुग्णवाहिका येते. तिला पैसे पडत नाहीत.

आणखी दोन गोष्टी सांगतो. कोणाला फेफरे आले, की लोक चप्पल हुंगवतात, कांदा हुंगवतात. त्याने काही होत नाही. मेंदूत क्षणभर विजेची गडबड उडालेली असते. ती बहुधा दोन-तीन मिनिटांत आपोआप शमते. तेवढा वेळ डोक्याखाली मऊ कापड ठेवा आणि माणसाला कुशीवर वळवा. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नका. झटका पाच मिनिटांहून जास्त चालला, तर 108 लावा. आणि लक्षात ठेवा, फेफरे म्हणजे भूतबाधा नाही. औषधाने पुष्कळांचे फेफरे आटोक्यात राहते. अशा मुलीचे लग्न मोडू नका, अशा मुलाची शाळा सोडवू नका.

दुसरी गोष्ट अर्धांगवायूची. मेंदूच्या रक्तवाहिनीत गाठ अडकते किंवा ती फुटते, तेव्हा अर्धांगवायू होतो. तोंड एका बाजूला वाकडे झाले, एक हात उचलत नाही, बोलणे बोबडे झाले, की वेळ पाहून ठेवा आणि ताबडतोब मोठ्या रुग्णालयात न्या. तिथे मेंदूचा फोटो काढतात. गाठ असेल, तर ती विरघळवणारे इंजेक्शन असते. पण ते साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि जितके लवकर तितके बरे. मालिश, पारव्याचे रक्त, झाडपाला यांत ही वेळ गेली, की गेली. रक्तदाब आणि साखर तपासून औषध नियमित घेणे, तंबाखू-विडी सोडणे, हा खरा अंगारा.

शेवटी तुमच्या स्वतःच्या मेंदूविषयी. म्हातारा पोपट शिकत नाही, असे म्हणतात. माणसाचे तसे नाही. लखनौजवळच्या खेड्यांत निरक्षर प्रौढांना सहा महिने लिहायला-वाचायला शिकवले. लिपी हीच, आपली देवनागरी. आधी आणि नंतर त्यांच्या मेंदूचे फोटो घेतले. डोळ्यांकडून येणारी खबर हाताळणाऱ्या भागांची आपसातली जोड बदललेली दिसली. हे संशोधन 2017 साली प्रसिद्ध झाले. म्हणजे मावशी, तुम्ही पाटीवर "क" गिरवला, तेव्हा तुमच्या डोक्यातही नवी वाट पडत होती. रोज वाचाल, तर ती वाट रुळेल. सोडून द्याल, तर तिच्यावर गवत वाढेल.

हा कारभारी एकच आहे. तो बदलून मिळत नाही. त्याला जपा, त्याला कामाला लावा. आज घरी गेल्यावर 108 हा आकडा स्वतःच्या हाताने भिंतीवर मोठा लिहा आणि घरच्यांना वाचून दाखवा.