हातपंपाजवळचा विज्ञानाचा तास

(सहाय्यकांच्या मेळाव्यात यवतमाळ येथे एका विज्ञान शिक्षकाने केलेले भाषण)



मला दिलेला विषय भारदस्त आहे. शाळेतल्या विज्ञानातून जगाच्या विकासाचे प्रश्न कसे शिकवावेत, आणि त्यासाठी बाहेरची मदत कशी मिळवावी. पत्रिकेवर तो वाचून आमचे एक सहकारी म्हणाले, "सर, आपल्या पोडावर एसटी येत नाही, जग कुठून आणणार?" मी त्यांना म्हटले, जग केव्हाच येऊन बसले आहे. शाळेच्या फाटकाबाहेर हातपंप आहे ना, तेच.

आपल्यापैकी जे वयाने मोठे आहेत त्यांना जुने ओतीव लोखंडाचे पंप आठवत असतील. एका कुटुंबासाठी बनवलेला पंप अख्ख्या गावाला दिला की काय होणार? आठ-पंधरा दिवसांत दांडा मोडायचा. १९६० च्या दशकातल्या दुष्काळात मिशनच्या लोकांनी मराठवाड्यात बोअर खोदले आणि त्यांच्या डोळ्यांसमोर पंप बंद पडू लागले. मग जालन्याला, चर्च ऑफ स्कॉटलंडच्या मिशनमध्ये, पोलादाचा मजबूत पंप तयार झाला. तो 'जालना पंप'. त्यावरून सोलापूरला आणखी सुधारलेला पंप निघाला, आणि त्याच्या आधारावर १९७० च्या दशकात युनिसेफच्या मदतीने 'इंडिया मार्क टू' आला. आज आपल्या पोडावर दिसतो तो हाच. आफ्रिकेतल्या कितीतरी देशांत गावोगावच्या बाया हाच दांडा हापसतात.

हे मी आठवीच्या वर्गाला पंपाजवळ उभे करून सांगतो. तरफ समोर आहे, टेकू कुठे आहे ते दाखवा. वरून ओढून पाणी दहा मीटरच्या वर चढत नाही, मग इतक्या खोलवरून कसे येते? मुले वाद घालतात. दट्ट्या आणि झडपा खाली पाण्यात असतात हे कळल्यावर त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. फळ्यावर मी 'पाणी' लिहितो आणि त्याखाली कोलामी शब्द 'ईर' लिहितो. मागच्या बाकावरची मुले त्या दिवशी पुढे सरकतात.

इथवर गोष्ट गोड आहे. पुढची तशी नाही.

नारू आणि पटकी यांपासून सुटका व्हावी म्हणून आपण सर्वांनी, सरकारने आणि मिशनांनीही, उघड्या विहिरी सोडून बोअरचे पाणी घ्यायला लोकांना सांगितले. ते योग्यच होते. नारू देशातून गेला, २००० साली तसे प्रमाणपत्रही मिळाले. पण खडकात जास्त काळ मुरलेल्या पाण्यात फ्लोराईड जास्त उतरू शकते. आपल्या जिल्ह्यात पांढरकवडा परिसरातल्या भूजलात ते मर्यादेच्या वर असल्याचे संशोधकांनी नोंदवलेले आहे. मर्यादा आहे एका लिटरमागे दीड मिलिग्रॅम, आणि आपल्या भारतीय मानकाप्रमाणे एकच्या आत असलेले बरे. ते डोळ्याला दिसत नाही, जिभेला कळत नाही. उकळून जात नाही, उलट पाणी आटते तसे वाढते. मुलांच्या दातांवर पांढरे, मग तपकिरी डाग पडतात. लोक म्हणतात, खर्रा खाल्ला असेल. वर्षानुवर्षे तेच पाणी पोटात गेले तर हाडे आणि सांधे आखडतात.

कायमच्या दातांचे कवच साधारण आठव्या वर्षापर्यंत घडते. म्हणजे माझ्या आठवीतल्या मुलीच्या दातांवरचे डाग पाणी बदलून जाणार नाहीत. तिच्या पाठच्या भावाचे दात मात्र वाचू शकतात. हे तिला सांगायचे कसे? माझा एक नियम आहे: वर्गात कुणाचेही दात बघायचे नाहीत, कुणाला तोंड उघडायला लावायचे नाही. आम्ही पाणी बघतो.

पाणी बघायला फार काही लागत नाही. एक छोटी पेटी, त्यात एक बाटली. नमुन्यात थेंब टाकले की लालसर-गुलाबी रंग फ्लोराईड असेल त्या प्रमाणात पिवळा पडत जातो. सोबतच्या पट्टीवर रंग जुळवायचा. आणि ही पेटी मुंबई-दिल्लीहून आणायला नको. जलजीवन मिशनमध्ये गावोगावी पाणी तपासणीच्या पेट्या दिल्या आहेत, प्रत्येक गावातल्या पाच महिलांना त्या वापरायला शिकवायचे आहे. कधी कधी ती पेटी ग्रामपंचायतीच्या कपाटात सील न फोडता पडलेली असते. बाहेरची मदत शोधताना मी आधी तिथे बघतो. रंगावरून आलेला अंदाज पक्का करायला नमुना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत द्यावा लागतो. मुलांनी स्वतः लिहिलेले पत्र सोबत जोडले की काम लवकर होते, हा अनुभव आहे.

आता जग कसे येते ते पाहा. मुलांनी विचारले, हे पाण्यातून काढता येते का? येते. त्याची एक पद्धत आपल्यापासून दीडशे किलोमीटरवर, नागपूरच्या नीरी संस्थेत, १९७० च्या दशकात बसवली गेली. तुरटी आणि चुना घालून ढवळायचे, गाळ खाली बसू द्यायचा, वरचे पाणी घ्यायचे. तिला 'नालगोंडा पद्धत' म्हणतात, आजच्या तेलंगणातल्या नालगोंडा जिल्ह्याच्या नावावरून. ही पद्धत पुढे इथिओपिया आणि टांझानियात नेली गेली, कारण पूर्व आफ्रिकेतल्या खचदरीच्या पट्ट्यातही हाच त्रास आहे. विकास नेहमी गोऱ्या देशाकडून आपल्याकडे येतो असे मानणाऱ्या मुलाला नकाशावर नागपूरपासून आफ्रिकेपर्यंत रेघ ओढू द्या. तो ती दोनदा ओढतो.

केनियात नाकुरूच्या कॅथलिक धर्मप्रांताने दुसरा मार्ग धरला. जनावरांची हाडे भट्टीत जाळून त्याच्या कोळशातून पाणी गाळायचे. फ्लोराईड त्यात अडकते. मी हे सांगितले तेव्हा वर्गात शांतता पसरली. मग एक मुलगा म्हणाला, "आमच्या घरी कुणी पिणार नाही." दुसरी म्हणाली, "तुरटीचा गाळ कुठं टाकायचा? शेळ्या तोंड लावतील." मला विचाराल तर तोच खरा विज्ञानाचा तास होता. कागदावर चांगले असलेले तंत्र गावात का टिकत नाही, हे मोठमोठ्या परिषदांत बोलले जाते. इथे ते तेरा वर्षांच्या मुलीने शेळीवरून सांगितले.

पण अडचण पुढेच आहे. पंपाचे पाणी वाईट निघाले, मग काय? नियमाने अशा पंपाला लाल खूण करतात, पिण्यासाठी वापरू नका म्हणतात. दुसरे पाणी दूर असेल तर गुंड डोक्यावर घेऊन कोण जाणार? घरातली मुलगी. म्हणजे विज्ञान शिकवून आम्ही तिचीच शाळा बुडवायची का? म्हणून मी शिक्षकांना सांगतो, दुसरे पाणी कुठे आहे हे आधी शोधा, तपासणी मग करा. उत्तराची सोय नसताना पोराच्या हातात भीती देऊ नये.

आमच्या मुलांनी एक हिशेब केला, तो सांगतो. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. शाळेचे छप्पर शंभर चौरस मीटर धरा, आणि वर्षाचा पाऊस नऊशे मिलिमीटर. नव्वद हजार लिटर होतात. गळती, उडालेले, पहिल्या सरीचे घाण पाणी सोडून पाऊण भाग हाती लागला तरी साडेसदुसष्ट हजार. साठ मुले, प्रत्येकी दोन लिटर, नोव्हेंबर ते एप्रिल शाळेचे एकशे तीस दिवस: पंधरा हजार सहाशे लिटर. पावसाच्या पाण्यात फ्लोराईड जवळजवळ नसतेच. म्हणजे आकाशाकडून कमी पडत नाही, कमी आहे ती टाकी. संध्याकाळी घरी गेल्यावर मूल पुन्हा पंपाचेच पाणी पिते, हे खरे आहे, त्यामुळे टाकीने सगळे सुटणार नाही. पण पालक ती टाकी बघतात आणि आपल्या छपराकडेही बघतात.

तर मदतीविषयी. शाळेला मदत देणारे दोन प्रकारचे लोक मी पाहिले आहेत. एका संस्थेने, नाव घेत नाही, सुंदर उपकरणांचे कपाट दिले. फोटो झाला, किल्ली कार्यालयात गेली. पुढे काच फुटेल म्हणून कपाट उघडलेच नाही. दुसऱ्या बाजूला होशंगाबादचे उदाहरण आहे. १९७२ साली रसुलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर, म्हणजे क्वेकर बंधूंनी चालवलेले केंद्र, आणि किशोर भारती या दोघांनी तिथल्या सोळा माध्यमिक शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवायला सुरुवात केली. टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि दिल्ली विद्यापीठातले शास्त्रज्ञ खेड्यात येऊन शिक्षकांसोबत बसले. ते काम शेकडो सरकारी शाळांत पसरले आणि तीस वर्षे चालले. २००२ मध्ये सरकारने ते बंद केले, पण त्यातून घडलेली माणसे राहिली. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व ट्यूबमधून विज्ञान शिकवणारे अरविंद गुप्ता त्याच कामातून आले. त्यांची मराठी पुस्तके आज कुणालाही फुकट मिळतात.

परदेशी पैशाची वाट मी बघत नाही. परकीय देणग्यांच्या कायद्यात २०२० मध्ये बदल झाल्यापासून एका संस्थेने घेतलेले पैसे दुसरीला देता येत नाहीत. कंपन्यांच्या सामाजिक निधीसाठी मी अर्ज करतो. तो मिळाला तर मिळतो, पण त्यांना वर्षात संपणारे काम हवे असते. पाण्याचे काम वर्षात संपत नाही. फवारणीचेही तसेच. २०१७ मध्ये आपल्याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात होते. औषधाच्या डब्यावरचा लाल, पिवळा, निळा, हिरवा चौकोन काय सांगतो हे सातवीच्या मुलाने घरी बापाला वाचून दाखवावे, हाही विज्ञानाचाच पाठ आहे. तो दरवर्षी हंगामाआधी घ्यावा लागतो.

म्हणून आपल्याकडे मागणे लहान आहे, पण पुन्हा पुन्हा करावे लागणारे आहे. पेटीतल्या बाटलीला मुदत असते, ती संपली की रंग खोटा बोलतो. दरवर्षी नवी बाटली लागेल. नमुने घेऊन यवतमाळला यायला दोन मुलांचे आणि एका शिक्षकाचे एसटीचे भाडे लागेल. आपल्या मंडळ्यांत रसायनशास्त्र शिकलेले, पाणीपुरवठ्यात नोकरी केलेले, निवृत्त परिचारिका असे कितीतरी जण आहेत. त्यांनी महिन्यातून एकदा फोनवर मुलांच्या प्रश्नाला उत्तर द्यावे. जुने संगणक कृपया पाठवू नका, वीज दुपारी जाते. आणि टाकीसाठी काही जमले तर ते मेच्या आत कळवा, पन्हाळी पावसाआधी बसवावी लागते.

आमंत्रणात लिहिले होते, घरचे पिण्याचे पाणी स्वच्छ बाटलीत आणावे. बऱ्याच जणांनी आणलेले दिसते. मागच्या टेबलावर पेटी मांडली आहे, आठवीच्या दोन मुली थेंब मोजायला बसल्या आहेत. बाटलीवर आपले नाव आणि गाव लिहा, बोअर की नळ तेही लिहा. चहा होईपर्यंत रंग कळेल.