सेवेचे तास आणि शिक्षणाचे तास

(सुवर्णमहोत्सवानिमित्त पांढरकवडा येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



एखाद्या संस्थेच्या पन्नास वर्षांचा लेखाजोखा मांडला जातो, तेव्हा किती शिबिरे झाली, किती रुग्ण तपासले गेले, किती चष्मे व औषधे वाटली गेली, हे आकडे आवर्जून सांगितले जातात. ते सांगितलेच पाहिजेत. दात्यांचा तो अधिकार आहे. परंतु एक नोंद कोणत्याही अहवालात सहसा आढळत नाही. शिबिरासाठी दूरवरून आलेले डॉक्टर, दंतवैद्य आणि परिचारिका येथून काय शिकून परत गेले, ही ती नोंद. आजचा विषय त्या न झालेल्या नोंदीचा आहे.

वैद्यकाची पदवी एकदा मिळते. विद्या मात्र दर काही वर्षांनी जुनी होते. म्हणून डॉक्टरांनी आयुष्यभर शिकत राहावे, अशी अपेक्षा कायद्यानेच व्यक्त केली आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या व्यावसायिक आचारसंहितेत दर पाच वर्षांत किमान ३० तास निरंतर वैद्यकीय शिक्षणासाठी द्यावेत, असे कलम आहे. महाराष्ट्रात नोंदणीचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी होते आणि महाराष्ट्र वैद्यक परिषद त्यासाठी ३० श्रेयांक, म्हणजे डॉक्टर मंडळींच्या भाषेत ‘क्रेडिट पॉइंट’, मागते. २०२० मध्ये जुन्या परिषदेच्या जागी राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आला. आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये नवी आचारसंहिता काढली, परंतु त्याच महिन्यात ती स्थगित केल्यामुळे २००२ चीच संहिता पुन्हा लागू झाली.

या संहितेतील शब्द ‘व्यावसायिक सभा’ आणि ‘मान्यवर शैक्षणिक संस्थांनी योजिलेले कार्यक्रम’ असे आहेत. सेवाशिबिरात घालविलेल्या दिवसाचा त्यात उल्लेख नाही. परिणाम असा होतो, की तालुक्याच्या गावी एकट्याने दवाखाना चालविणारा डॉक्टर श्रेयांकांसाठी दवाखाना बंद ठेवून नागपूरच्या परिषदेला जातो. सभागृहात पडद्यावर चित्रे पाहतो, प्रमाणपत्र घेतो आणि रात्री परततो. त्या दिवशी त्याच्या दारात आलेला रुग्ण आल्या पावली परत जातो. तोच डॉक्टर एखाद्या रविवारी कोलाम पोडावर जाऊन साठ माणसे तपासतो, न कळलेल्या आजाराविषयी रात्री ग्रंथ उघडून वाचतो, वरिष्ठांना दूरध्वनी करून विचारतो. त्या रविवारची गणना शिक्षणात होत नाही. परिषदांचे महत्त्व कोणीही नाकारणार नाही. प्रश्न एवढाच, की रुग्णापाशी बसून होणारे शिक्षण हे शिक्षण नव्हे काय?

महाराष्ट्राच्या वैद्यकीय इतिहासाने या प्रश्नाचे उत्तर केव्हाच दिले आहे. रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ पासून काम करू लागले, तेव्हा लाल विंचवाच्या दंशाने माणसे दगावत असत. पाठ्यपुस्तकात त्यावर पुरेसे मार्गदर्शन नव्हते. रात्र रात्र रुग्णाच्या उशाशी बसून त्यांनी लक्षणांची नोंद केली. १९८२ मध्ये ती ‘लॅन्सेट’ या ख्यातनाम नियतकालिकात आली आणि १९८६ मध्ये प्राझोसिन या औषधाच्या उपयोगाविषयीचा त्यांचा लेखही तेथेच प्रसिद्ध झाला. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घेण्याचे शिक्षण दिले. १९९९ च्या त्यांच्या अहवालानुसार त्या गावांतील नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटला. बिरवाडीचे डॉक्टर सरकारी नोकरीत होते आणि गडचिरोलीचे काम संस्थेचे होते, म्हणजे दोन्ही प्रसंग शिबिराचे नव्हेत, हे खरे. पण दोन्ही ठिकाणी ज्ञानाचा प्रवाह खेड्यातून जगाकडे वाहिला, हे लक्षात घेतले पाहिजे.

सेवेला शिक्षणाच्या हिशेबात धरण्याची प्रथाही येथे अगदीच अनोळखी नाही. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामला १९६९ मध्ये डॉ. सुशीला नायर यांच्या प्रेरणेने महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभी राहिली. तेथील पदवीधरांना पदव्युत्तर प्रवेशासाठी पात्र ठरायचे, तर आधी दोन वर्षे ग्रामीण भागात सेवा करावी लागे, असा नियम त्या संस्थेने अनेक वर्षे पाळला. अलीकडे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा पातळीवरील रुग्णालयात काम करणे बंधनकारक केले आहे आणि तो काळ अभ्यासक्रमाचाच भाग मानला आहे. विद्यार्थ्याच्या बाबतीत जे तत्त्व मान्य झाले, ते पदवी घेऊन वीस वर्षे झालेल्या डॉक्टरच्या बाबतीत अमान्य का असावे?

परदेशात या दिशेने कायदेही झाले आहेत. अमेरिकेच्या ओहायो राज्यात गरीब आणि विमा नसलेल्या रुग्णांची विनामूल्य सेवा करणाऱ्या परवानाधारकास साठ मिनिटांच्या सेवेबद्दल निरंतर शिक्षणाचा एक तास मिळू शकतो. मात्र आवश्यक तासांच्या एक तृतीयांशापलीकडे ही सवलत जात नाही आणि जेथे सेवा झाली तेथील लेखी दाखला जोडावा लागतो. फ्लोरिडा राज्याच्या कायद्यानुसार तेथील व्यवसाय-मंडळे गरजू किंवा उपेक्षित लोकांच्या विनामूल्य सेवेला आवश्यक तासांच्या एक चतुर्थांशापर्यंत मान्यता देऊ शकतात. दोन्ही ठिकाणी मर्यादा घातलेली आहे, ही गोष्ट महत्त्वाची. उरलेले तास वर्गात, ग्रंथात आणि परिषदेतच पूर्ण करावे लागतात.

आता पांढरकवड्याकडे वळू. नागपूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावरचे हे केळापूर तालुक्याचे ठाणे. कापसाचा मुलूख, करंजीपासून पाटणबोरीपर्यंत पसरलेली गावे, गोंड आणि कोलाम वस्त्या, शेजारी टिपेश्वरचे अभयारण्य. गावात उपजिल्हा रुग्णालय आहे आणि एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालयही आहे. बाहेरून येणाऱ्या डॉक्टरला येथे काय शिकता येईल, याचे उत्तर या भूगोलातच आहे.

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी व शेतमजुरांना विषबाधा झाली आणि विसाहून अधिक जण दगावले. कपाशी डोक्याइतकी वाढलेली, फवारा अंगावर येणारा, हातमोजे नाहीत, नाकातोंडावर फडके बांधलेले, आणि टाकीत एकापेक्षा अधिक कीटकनाशके मिसळलेली. अशा रुग्णाचे कपडे आधी उतरवावेत, अंग साबण-पाण्याने धुवावे, नेमके कोणते औषध फवारले हे डबा पाहून ठरवावे. कारण ॲट्रोपीन हे काही विषांवर प्राण वाचविते, तर काहींवर त्याचा उपयोग नसतो. हा पाठ मुंबई-पुण्याच्या दवाखान्यात वर्षानुवर्षे काम करूनही एखाद्याच्या वाट्याला येणार नाही. येथील परिचारिकेला मात्र तो पाठ असतो. सर्पदंशाची गोष्टही तशीच. केंद्र शासनाने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्यासाठी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. सिकलसेलच्या निर्मूलनासाठी राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले. या दोन्ही कामांची खरी शाळा अशाच तालुक्यांत भरते.

सेवा देण्याची वाटही तयार आहे. २०१६ पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर स्त्रियांची शासकीय केंद्रात विनामूल्य तपासणी होते आणि खासगी डॉक्टरांनी त्या दिवशी स्वेच्छेने यावे, असे आवाहन आहे. रक्तक्षय, वाढलेला रक्तदाब, अवघड प्रसूतीची चिन्हे वेळीच ओळखून पुढे पाठविणे हे त्या दिवसाचे काम. वर्षाच्या बारा ‘नऊ तारखा’ मनापासून पाळणाऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाने त्यांतून काहीच विद्या मिळविली नाही, असे कोण म्हणेल?

परंतु या विचाराला दोन गंभीर आक्षेप आहेत आणि त्यांना बगल देणे योग्य होणार नाही.

पहिला आक्षेप रुग्णाच्या बाजूचा आहे. तासांना मोल आले, की तास भरण्याची घाई येते. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात एकाच शिबिरात काही तासांत ८३ स्त्रियांवर कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यानंतर अनेक स्त्रिया प्राणास मुकल्या. ते शिबिर श्रेयांकांसाठी नव्हते. परंतु संख्येच्या मागे लागलेले शिबिर कोठे पोहोचते, याचा तो धडा आहे. गरीब माणूस हा कोणाच्या सरावाची सामग्री नव्हे. म्हणून मान्यता द्यावयाची तर ती रुग्णसंख्येवर कधीही देऊ नये. डॉक्टरने आपल्याच विषयात आणि आपल्या परवान्याच्या मर्यादेतच काम केलेले असावे. शिबिरात तपासणी आणि शस्त्रक्रिया सुसज्ज रुग्णालयात, ही नेत्रशिबिरांनी अनुभवातून स्वीकारलेली शिस्त सर्वत्र पाळली जावी.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे आणि या सभागृहात तो विशेष जाणवेल. फळाची अपेक्षा धरून केलेली सेवा ही सेवा राहते काय? जैन परंपरेने तपाच्या बदल्यात फळ मागण्याच्या वृत्तीला ‘निदान’ म्हटले आहे आणि ते शल्य, म्हणजे मनात रुतलेला काटा, मानले आहे. त्याच परंपरेने अंतरंग तपांच्या यादीत वैयावृत्त्य आणि स्वाध्याय ही दोन तपे एकमेकांशेजारी ठेवली आहेत. ग्लान, म्हणजे आजारी साधूची शुश्रूषा हे वैयावृत्त्य. अध्ययन-चिंतन हा स्वाध्याय. दोन्ही वेगवेगळी तपे आहेत. एक केल्याने दुसरे आपोआप घडत नाही. आक्षेपाचे उत्तर येथेच सापडते. डॉक्टरने सेवा केली म्हणून श्रेयांक देऊ नयेत. सेवेतून तो शिकला असेल, तर त्या शिकण्याचे श्रेयांक द्यावेत. सेवेचे पुण्य ज्याचे त्याच्यापाशी राहो, त्याची नोंद परिषदेने ठेवण्याचे कारण नाही. शिकण्याची नोंद मात्र ठेवता येते आणि ठेवावी.

हे व्यवहारात कसे आणावे? शिबिराच्या आदल्या दिवशी स्थानिक वैद्यकीय अधिकाऱ्याने दोन तास या भागातील आजारांची माहिती द्यावी. शिबिरानंतर कठीण वाटलेल्या रुग्णांवर सर्वांनी एकत्र बसून चर्चा करावी. महिन्याभराने त्या रुग्णांचे पुढे काय झाले, हे पाहुण्या डॉक्टरला कळवावे आणि त्याने त्यावर एक पानभर टिपण लिहावे. या चार गोष्टी पूर्ण झाल्या, तरच श्रेयांक मिळावेत. आणि तेही ३० पैकी सहा ते दहांच्या मर्यादेत. येथील डॉक्टर, परिचारिका यांनी पाहुण्यांना शिकविले, तर परिषदेतील वक्त्याप्रमाणे त्यांनाही मान्यता मिळावी. आजवर शहर शिकविते आणि गाव ऐकते, असा प्रघात आहे. तो थोडा तरी बदलेल.

यासाठी नियम बदलण्याचा अधिकार परिषदेचा आहे आणि त्याला वेळ लागेल. परंतु धर्मादाय संस्थांना वाट पाहण्याचे कारण नाही. शिबिराच्या नोंदवहीत आणखी दोन रकाने आखणे कोणाच्याही हातचे आहे. एका रकान्यात, रुग्णाचे महिन्याभराने काय झाले; दुसऱ्यात, डॉक्टर काय शिकले. पहिला रकाना भरायचा, तर शिबिर संपल्यावर कोणीतरी पाटणबोरीच्या पलीकडच्या वस्तीपर्यंत जाऊन चौकशी केली पाहिजे. खरी कसोटी तेथेच आहे. मंडप उतरल्यावर रुग्णाची विचारपूस थांबली, तर सेवाही अपुरी राहते आणि विद्याही.

औषधदान आणि ज्ञानदान ही दोन्ही दाने या परंपरेत पूर्वापार गौरविली गेली आहेत. पुढील पन्नास वर्षांत ही दोन दाने एकाच मंडपात, एकाच दिवशी घडोत. शिबिराहून परतणाऱ्या डॉक्टरच्या मनात ‘येथे काही देऊन आलो’ या समाधानाबरोबर ‘येथून काही घेऊन चाललो’ ही कृतज्ञताही असो. दाता आणि याचक यांच्यातील अंतर मिटविण्याचे सामर्थ्य या कृतज्ञतेत आहे.

जय जिनेंद्र.